दोघांत एक चष्मा

"जवळचं वाचून बघा, मावशी," म्हणत चष्मेवाल्याने तिच्या हातात एक जुनं मासिक दिलं. नाकावर तपासणीची जड फ्रेम होती, तिच्यात नुकत्याच काचा बसवलेल्या. तिने दोन ओळी वाचल्या, चार वाचल्या.

"बास, बास. स्वच्छ दिसतंय ना?"

"थांबा हो जरा," असं म्हणून तिने पान उलटलं.

सव्वीस वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करत होती. घरात चष्मा एकच, नवऱ्याचा. त्याचा पेपर वाचून झाला की तिच्या वाट्याला यायचा. नंबर वेगळा, त्यामुळे दोन पानांत कपाळ ठणकायला लागायचं. आजही दोघं त्याच चष्म्याची मोडलेली काडी बसवायला आली होती. तपासणी फुकट म्हटल्यावर ती खुर्चीत बसली, एवढंच.

मासिकातली कथा एका बायकोची होती. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर एका दुपारी ती भांडी घासते, हात पुसते आणि घराबाहेर पडते. भांडण नाही, तंटा नाही. परत मात्र येत नाही.

"झालं का?" नवऱ्याने बाकावरून विचारलं.

"शेवट राहिलाय."

शेवट वाचून तिने मासिक मिटलं. डोळे भरून आले होते.

"एवढं काय होतं त्यात?"

तिने थोडक्यात सांगितलं. तो हसला. "काहीतरीच! खाऊनपिऊन सुखी होती, नवरा धड होता. मग गेली कशाला?"

"तुला काय हवंय, असं तिला कुणी विचारलंच नाही."

तो हळूच म्हणाला, "तूही जाशील की काय?"

"मी कुठं जाऊ? मला चष्मा हवाय. माझा."

चष्मेवाला स्वच्छ काच पुन्हा पुसत राहिला. नवरा बाकावरून उठला. "फ्रेम दाखवा," म्हणून त्याने स्वतःच एक काळी उचलली. "ही टिकेल."

"लाल," ती म्हणाली.

चार दिवसांनी लाल चष्मा आला. चष्मेवाल्याने मासिकही देऊन टाकलं. संध्याकाळी ती खिडकीशी पुढची कथा वाचत बसली होती. आतून हाक आली, "अगं, चहा?"

"आज तुम्ही टाका."

भांडी वाजली. डब्यांची झाकणं उघडली, बंद झाली.

"साखर कुठंय?"

"सापडेल."

बऱ्याच वेळाने तो दोन कप सांभाळत आला. चहा पाणचट होता.

"जमलाय का?" त्याने विचारलं.

"जमेल हळूहळू," ती म्हणाली आणि आणखी एक घोट घेतला.