गुरुजींचे दोन फोटो

"सोयेले आदमी का फोटू नै निकालना, बहू. सोयेले आदमी कू जवाब देने नै आता."

आमिनाबींनी आपल्या सुनेला हे बजावलं, तेव्हा सून खुशनुमा खळखळून हसली होती. तिचा नवरा तौसीफ डाळिंबाच्या गाड्याखाली तोंड उघडं टाकून घोरत पडला होता आणि तिनं त्याचा फोटो काढला होता. "अम्मी, ये पुराने जमाने की बातां," ती म्हणाली आणि फोटो बहिणीला पाठवून मोकळी झाली.

मित्रांनो, तो फोटो काढणारा मी. माझं नाव-गाव सांगण्यासारखं काही नाही. मी एक जुना मोबाईल आहे. काचेला तडा गेलेला, सध्या मुक्काम पिठाच्या डब्यामागे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मी डोळा उघडला तो पाटोद्याच्या बाजारातल्या एका दुकानात. तौसीफनं मला बायकोसाठी घेतलं आणि जवळच्याच एका गावात, त्यांच्या घरी आणलं. त्यांची लेक अदिबा तेव्हा चार वर्षांची होती. तिचा पडलेला पहिला दात, तिच्या अंगावरचा गोवर, ईदचा हिरवा फ्रॉक, सगळं माझ्या पोटात आहे. घरात दखनी चालायची, शाळेत मराठी; अदिबा तर घरीही मराठीच बोलायची. दोन्ही मला कळायच्या.

खुशनुमा बी.ए. झालेली. हुशार, पण जिवाला सतत घोर. पोरगी तिसरीत गेली तरी जोडाक्षरं अडखळत वाचते, म्हणून तिला झोप लागायची नाही. मग ती शाळेत जायची निमित्तं शोधायची. आज पाण्याची बाटली विसरली, उद्या रुमाल. बाटली द्यायची आणि खिडकीतून आत डोकवायचं. मी तिच्या मुठीत असायचो.

शाळा चार वर्गांची, पोरं सदतीस. मास्तरांच्या जागा दोन, त्यातली एक दोन वर्षांपासून रिकामी. उरले एकटे बंकट गुरुजी. वय एक्कावन्न. त्यांच्या खिशात माझा एक भाऊबंद राहायचा. मला त्याची फार दया यायची. खिचडीचा फोटो पाठवा, ताटांची संख्या पाठवा, ही माहिती तात्काळ, ती माहिती आजच. शाळा सुटली की मतदार यादी घेऊन घरोघर. त्यात नवा नियम आला की जुन्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा द्यायची.

"सव्वीस वर्षं शिकवलं ताई, आता विचारायलेत, तुला येतं का?" गुरुजी खुशनुमाला एकदा म्हणाले होते. "नापास झालो तर बसतो तिसरीत, तुमच्या अदिबाशेजारी. तिचं बघून लिहीन."

खुशनुमाला हसू आलं नाही. तिला वाटलं, हा माणूस स्वतःचा अभ्यास करणार की माझ्या लेकीचा घेणार?

पुढच्याच सोमवारी, दुपारी अडीचला, ती बाटली घेऊन खिडकीशी आली. गुरुजी खुर्चीत झोपले होते. मान मागे पडलेली, तोंड उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली.

तिनं मला वर धरलं. पहिला फोटो लांबून निघाला. त्यात सगळा वर्ग आला. पोरं खाली मान घालून लिहीत होती. चौथीतली संस्कृती फळ्यापाशी उभी राहून ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होती. आणि कोपऱ्यात अदिबा पहिलीतल्या बजरंगच्या पुस्तकावर बोट फिरवत त्याला वाचून दाखवत होती. हे मी पाहिलं. खुशनुमानं पाहिलं नाही. तिची नजर खुर्चीवरून हलत नव्हती.

दुसरा फोटो तिनं जवळ ओढून काढला. त्यात फक्त गुरुजी. उघडं तोंड आणि ती चप्पल.

तोच तिनं पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या लेकरांचं भविष्य असं झोपलंय.' वाक्य चांगलं जमलं म्हणून तिनं ते दोनदा वाचलं.

संध्याकाळी अदिबा घरी आली आणि दप्तर टाकता टाकता बोलून गेली, "अम्मी, गुरुजींना आज लई ताप होता. ते म्हणले, पोरांनो, मला पंधरा मिनिटं सुट्टी देता का? आम्ही म्हणलं, देतो. कुण्णीच आवाज नाही केला."

खुशनुमानं मला घाईघाईनं उघडलं. फोटो पुसायचा होता. पण तोवर तो पालकांच्या ग्रुपवरून गावाच्या ग्रुपवर गेला होता आणि गावावरून तालुक्यात. आम्हाला परत बोलावता येत नाही, मित्रांनो. आम्ही फक्त पाठवतो.

दोन दिवसांत त्या फोटोचं स्टिकर निघालं. उघड्या तोंडाचे गुरुजी आणि खाली 'शुभ रात्री'. लोक ते एकमेकांना झोपताना पाठवू लागले. कुणी विचारलं, "पगार जागेपणी घेतो का झोपेत?" कुणी लिहिलं, "उठवू नका बे, परीक्षेचा अभ्यास चाललाय." प्रत्येक ओळीखाली हसरे चेहरे. माझी काच त्या चेहऱ्यांनी भरून जायची.

आणि खुशनुमाची मात्र वाहवा. गावातले पुढारी अर्जुनराव स्वतः दारात आले. "वाघीण हाय बघा आमची वहिनी! असं धाडस कुण्या बाप्यानं केलं न्हाई. आता मागं हटायचं न्हाई, मी हाय पाठीशी." आजवर ज्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती, ते आता वाट सोडून उभे राहू लागले. तिला ते आवडलं. माझ्यापासून काय लपणार?

बुधवारी बंकट गुरुजी आले. चेहरा उतरलेला, गळ्याला मफलर. आमिनाबींनी खाट टाकली, चहा ठेवला.

"ताई, मी भांडायला आलो न्हाई," ते म्हणाले. "तुमी खोटं काय टाकलं न्हाई. झोपलोच होतो मी. माझ्या भाच्यानं तर ते स्टिकर मलाच पाठवलं. त्याला वाटलं, मामा हसतील." त्यांनी मफलर सारखा केला. "पण अदिबा म्हणती, अम्मीनं दोनदा फोटो काढला. जो टाकला न्हाई, त्यात पोरं दिसत असतील तर तेवढा द्या. शुक्रवारी साहेबांपुढं माझा खुलासा हाय. पोरं वाऱ्यावर सोडली, असा ठपका ठेवलाय. पोरं लिहीत होती एवढं दिसलं, तरी माझी नोकरी वाचंल."

मी खुशनुमाच्या मुठीत होतो. तो फोटो माझ्या पोटात होता. तिचं बोट नुसतं हललं असतं तरी पुरे होतं.

"तो डिलीट झाला, गुरुजी," ती म्हणाली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," ते म्हणाले. "मोबाईल भरला की करावंच लागतं." चहा पूर्ण पिऊन ते उठले आणि आमिनाबींना सलाम करून गेले.

गुरुजी वळणाआड गेले, तशी खुशनुमा आतल्या खोलीत आली. बोललेलं खोटं तिनं खरं करून टाकलं. तिनं तो फोटो डिलीट केला.

पण आमची एक रीत असते. टाकलेला फोटो आम्ही लगेच मारत नाही. तीस दिवस कचरापेटीत ठेवतो आणि रोज एक दिवस कमी करतो. तेवढ्यात मालकाचं मन बदललं तर एका बोटानं सगळं परत मिळतं. मी वाट पाहू लागलो.

एकोणतीस. अठ्ठावीस. सत्तावीस उरले तेव्हा गुरुजींचा खुलासा अमान्य झाला. एकोणीस उरले तेव्हा निलंबनाचा आदेश निघाला. तोही ग्रुपवर आला आणि त्याखालीही हसरे चेहरे आले. शाळेत आता दुसऱ्या गावचे एक सर आठवड्यातून दोनदा येतात. बाकी दिवस पोरं कुलूप बघून परततात.

सहा उरले तेव्हा खुशनुमानं कचरापेटी उघडली. फोटो मोठा करून पाहिला. पहिल्यांदाच तिला कोपऱ्यातली अदिबा दिसली. पुस्तकावरचं तिचं बोट दिसलं. खुशनुमाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं. अंगठा 'परत ठेवा'वर आला. निलंबन झालं म्हणून काय, चौकशी अजून बाकी होती, फोटो अजूनही कामाला आला असता.

तेवढ्यात अर्जुनरावांचा निरोप आला. रविवारी जागरूक मातेचा सत्कार, यायचंच. तिनं मला उलटं करून ठेवलं.

सत्कारात तिला शाल मिळाली आणि एक नवा मोबाईल. माझं सिम काढून त्यात घातलं आणि मला पिठाच्या डब्यामागे सारलं. तिसाव्या दिवशी तो फोटो माझ्यातून गेला. ते आपोआप होतं. मला थांबता येत नाही.

मग एक दिवस अदिबा मैत्रिणींबरोबर ओट्यावर खेळत होती. ती पाटावर बसली, मान मागे टाकली, तोंड उघडलं आणि एक चप्पल पायातून सोडली. पोरी खिदळल्या. "बंकट गुरुजी! बंकट गुरुजी!" खुशनुमा धावत आली आणि तिनं अदिबाच्या थोबाडीत मारली.

अदिबा रडली नाही. "तूच तर टाकलं होतं," ती म्हणाली.

त्या दुपारी खुशनुमानं मला डब्यामागून काढलं, चार्जिंगला लावलं आणि कचरापेटी उघडली. रिकामी. मग तिनं नव्या मोबाईलवरून गुरुजींना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. चौदा वेळा लावला. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद लागतोय. आज त्याला पाच दिवस झाले. ती रोज म्हणते, उद्या गुरुजींकडे जाते. चपला घालते, उंबऱ्यापर्यंत येते आणि परत फिरते.

माझ्या जातीचे म्हातारे शेवटी सांगतात, आमची काच पुसा, आम्हाला ओल लागू देऊ नका. मला तसलं काही मागायचं नाही. पाटोद्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिच्या वरच्या खोलीत बंकट गुरुजी एकटे राहतात, घरची माणसं लांब गावाकडे आहेत. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जात असेल तर जिना चढा. दार वाजवा. उघडलं नाही तर परत वाजवा, आणि गिरणीवाल्याला विचारा, गुरुजी खाली कधी उतरले होते. उघडलं तर फोटोचं काही काढू नका. जेवलात का, एवढंच विचारा.

आणि जाताना आमच्यापैकी कुणालाही बरोबर नेऊ नका.