लाल चौकोन

माझ्या सुनेला एक खोड आहे. विचारलं तर उत्तर देते, न विचारलं तर घराला आग लागली तरी तोंड उघडत नाही. दूध उतू चाललेलं दिसत असतं, ही शेजारी उभी. का गं बोलली नाहीस, म्हटलं तर म्हणते, "मला वाटलं तुम्हाला दिसतंय." अशा माणसाशी भांडताही येत नाही. भांडायला समोरच्यानं निदान एक पाऊल पुढे यावं लागतं.

घरोघरी आजाऱ्यांपाशी बायका पाठवायचं माझं काम. एकतीस वर्षं झाली. नवरा गेला तेव्हा मी एकटीच जायची, मग सोबतीला दोघी आल्या, मग सहा, आता बावीस आहेत. माझी शाळा तिसरीपर्यंत. वाचता येतं, लिहिताना हात रेंगाळतो. पण बाईचा चेहरा बघून ती कुठल्या घरी टिकेल आणि कुठून दुपारीच पिशवी उचलून परत येईल, ते मला कळतं. त्याची शाळा निघालेली अजून तरी मी ऐकली नाही.

पुढच्या खोलीच्या भिंतीवर माझा तक्ता असायचा. डावीकडे बायकांची नावं, वर घरं, मध्ये चौकोन. हिरवी पेन्सिल म्हणजे ही बाई ह्या घरी. कोरा चौकोन म्हणजे अडीअडचणीला चालेल. लाल म्हणजे आभाळ कोसळलं तरी पाठवायची नाही. लाल का, ते कुठेही लिहिलेलं नसायचं. एकीला एका घरच्या मालकाची नजर बरी वाटली नव्हती. एकीचं एका घरातल्या लेकीशी जुनं वाकडं होतं. कारण कागदावर आलं की दोन डोळे वाचतात आणि वीस तोंडं बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. बावीस जणींच्या मुठी मी माझ्या एका पेन्सिलीत झाकून ठेवल्या होत्या, असं म्हणा ना.

गेल्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला. आठ दिवस तक्ता सुनेच्या ताब्यात गेला, तो भिंतीवर परत आलाच नाही. ती कचेरीत दिवसभर शीटमध्येच डोकं घालून बसते. तिनं माझा तक्ता उचलून ऑनलाइन शीटमध्ये नेला आणि म्हणाली, "आई, आता हे आपोआप होईल."

आपोआप म्हणजे कसं, तेही सांगते. बायकांच्या फोनवर रोज एक फॉर्म येतो. उद्या येणार का, किती वाजता येणार, राहायला कुठे. त्यांनी भरला की उत्तर जाऊन शीटमध्ये बसतं. पुढे सुनेची स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे तिनं एकदाच लिहून ठेवलेल्या आज्ञा. दुपारचे चार वाजले की शीट वाच, सुटीवर असेल तिला वगळ, घराचा पत्ता, औषधं, पथ्य, करायची कामं असा कागद तयार कर आणि ज्या त्या बाईच्या फोनवर धाड. हे आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालतच नाही. कुठल्याशा लांबच्या मशीनवर चालतं. आमच्याकडे वीज गेलेली असो, सून प्रवासात असो, चार म्हणजे चार.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "म्हणून तर केलं."

मी एकच अट घातली. रंग माझे राहतील. तिनं मला फोनवर चौकोन दाबून त्यात रंग भरायला शिकवलं. चांगलं शिकवलं, खोटं कशाला बोलू. दोन दुपारी बसून मी माझ्या बोटानं एकशे चौदा चौकोन लाल केले. ती शेजारी बसून बघत होती. "छान दिसतंय," म्हणाली. एवढंच.

सुरुवातीला बदलीची बाई मीच ठरवायची, स्क्रिप्ट नुसते कागद पाठवायची. ह्या महिन्यात सुनेनं बदलीही स्क्रिप्टच्याच गळ्यात घातली. कुणी सुटी टाकली तर जवळ राहणारी मोकळी बाई शोधायची आणि तिला ते घर द्यायचं. लाल दिसतं ना गं तिला, हे मी विचारलं नाही. आंधळ्यालाही दिसेल इतकं लाल होतं ते.

आता घड्याळबाईचं सांगते. पंचवीस वर्षांत एक मिनिट उशीर नाही, म्हणून हे नाव. तीन वर्षांपूर्वी तिच्या पाठीचा मणका सरकला. डॉक्टरचा कागद तिनं एकट्या मला दाखवला, तोही स्वयंपाकघराच्या दाराआड. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. तिचं घर तिच्या एकटीच्या जिवावर. पाठ गेलेली बाई म्हणून एकदा नाव झालं की हिला दारात कोण उभं करणार? मी कागद घडी घालून तिच्या पिशवीत परत ठेवला आणि तिच्या रांगेतली जड माणसांची सगळी घरं लाल करून टाकली. तिला चालत्याबोलत्या म्हाताऱ्या दिल्या. ती वेळेवर जात राहिली. विषय संपला.

सगळ्यात जड घर कप्तानांचं. आयुष्यभर बोटीवर काढलेला माणूस, डावी बाजू लुळी, वजन अठ्ठ्याण्णव किलो. त्यांच्याकडे आमची पहिलवान जाते. तिच्या दंडाकडे बघितलं तर तिला हे नाव कुणी ठेवलं असं विचारावं लागत नाही. मंगळवारी पहिलवाननं फॉर्ममध्ये सुटी टाकली. बुधवारी सकाळी नऊला मी फोन उघडून कोण कुठे गेलं ते बघत होते. कप्तानांच्या घरापुढे नाव होतं घड्याळबाईचं. खाली काम लिहिलेलं, उचलून खुर्चीत बसवणे.

तिला फोन लावला, उचलला नाही. कामावर असताना फोन पिशवीत ठेवायचा हा नियम माझाच. सुनेला कचेरीत लावला.

"तुझ्या त्या मशीननं घड्याळबाईला कप्तानांकडे धाडलंय."

"हो, ती मोकळी होती. आणि जवळच राहते."

"अगं, चौकोन लाल होता!"

मग ती म्हणाली, "आई, स्क्रिप्ट रंग बघत नाही. लिहिलेलं असेल तेवढंच वाचते. रंग वाच असं मी तिला सांगितलेलंच नाही."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटलं, रंग तुमच्यासाठी आहेत. बघायला. ते लाल कशासाठी होतं, आई?"

"तिची पाठ मोडलेली आहे, म्हणून!" मी म्हणाले आणि फोन ठेवला. तीन वर्षांची मूठ रस्त्याला लागता लागता उघडली.

कप्तानांचं घर दोन गल्ल्या सोडून. माझ्या चालीनं पंधरा मिनिटं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पलंग आणि खुर्ची यांच्या मधल्या फरशीवर दोघं बसलेली. कप्तान पलंगाला टेकून, पाय लांब करून. घड्याळबाई एका कुशीवर कलंडलेली, चेहरा पांढराफटक.

"या मालकीणबाई," कप्तान म्हणाले. "जागा आहे."

उचलता उचलता पाठीत कळ आली तेव्हा तिनं त्यांना सोडलं नव्हतं. आधी स्वतः खाली गेली आणि त्यांना आपल्या अंगावर उतरवून घेतलं. "त्यांना खरचटलंसुद्धा नाही," ती मला म्हणाली, जशी काही मी कामाचा हिशोब मागायला आले होते. मग हळूच म्हणाली, "मोठ्या बाई, पाठीचं कुणाला सांगू नका."

"मी इथंच बसलोय," कप्तान म्हणाले. "कानात बोळे घालू का?"

"नाही म्हणता येत नव्हतं तुला?" मी तिच्यावर ओरडले. "मला एक फोन करायचा!"

"मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत. काहीतरी अडलं असेल म्हणून. आणि फॉर्ममध्ये तरी कुठे लिहू? येणार की नाही, एवढंच विचारतात."

मी तिच्या काखेत हात घालायला वाकले. माझा उजवा गुडघा कटकन वाजला आणि मीही खाली बसले. उठायला गेले, उठता येईना. तिघं एका रांगेत.

कप्तानांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "बोट भरली," म्हणाले. "आता सोडायला हरकत नाही."

घड्याळबाईला हसू आलं आणि हसण्यानं पुन्हा कळ आली, तशी ती त्यांना एक शिवी द्यायला गेली आणि थांबली. पंचवीस वर्षांत रुग्णाला शिवी दिली नव्हती तिनं. "द्या, द्या," कप्तान म्हणाले. "बोटीवर ह्यापेक्षा मोठ्या ऐकल्यात."

वीस मिनिटांनी सून दारात. कचेरीच्या कपड्यात, मागे रुग्णवाहिकेची दोन माणसं, स्ट्रेचर, पट्टा. मी तिला ये म्हटलं नव्हतं, काय आण तेही सांगितलं नव्हतं. आधी कप्तान पलंगावर गेले, मग घड्याळबाई स्ट्रेचरवर. शेवटी तिनं मला काखेत धरून उभं केलं, गव्हाचं पोतं करतात तसं. परतताना रस्त्याच्या कडेला मी दोनदा थांबले, तेव्हा तीही थांबली.

घड्याळबाईला दीड महिना झोपून राहायला सांगितलंय. मणका आणखी सरकला नाही, एवढं नशीब.

त्या संध्याकाळी सुनेनं दिवसातला दुसरा प्रश्न विचारला. "बाकीचे लाल का, ते सांगाल?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि लॅपटॉप उघडून बसली.

दुसऱ्या दिवशीच्या फॉर्ममध्ये खाली एक नवा प्रश्न होता. ह्यापैकी कोणतं काम नको? उचलणं. वाकणं. जिने चढणं. रात्रपाळी. पुरुष रुग्ण. अमुक एक घर. आणि खाली एक ओळ, कारण लिहू नका. उत्तरं वेगळ्या शीटमध्ये जातात, बाकीच्या बायकांना ती उघडतच नाही. स्क्रिप्ट घर देण्याआधी ते वाचते आणि तसली घरं गाळते. सुनेनं फोन माझ्या हातात दिला. "ही शीट तुम्हीच बघा. मी नाही बघितली."

नऊ जणींनी खुणा केल्या होत्या. पाच मला माहीत होत्या, त्या माझ्याच लाल चौकोनातल्या. चौघींनी मला कधी काही सांगितलं नव्हतं. त्यातलं एक नाव मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. पहिलवान. खूण होती 'उचलणं'पुढे. दोन वर्षं ती रोज सकाळी अठ्ठ्याण्णव किलो उचलत होती आणि मी तिच्या दंडाकडे बघून निश्चिंत होते. चेहरे वाचते म्हणे मी.

कप्तानांकडे आता सकाळी दोघी जातात, माणसाला उचलणारा, खाली चाकं असलेला पाळणा घेऊन. त्यांनी घड्याळबाईला निरोप पाठवलाय. बरी झालीस की येऊन नुसती शेजारी बस, उचलायला माणसं आहेत, बोलायला कुणी नाही. स्क्रिप्टला हे अजून कळलेलं नाही. मला कळलंय, आणि तो चौकोन मी हिरवा करणार आहे.

काल दुपारी सून टेबलाशी बसली होती. चार वाजायला पाच मिनिटं होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सावकाश बसले.

"ऐक," मी म्हणाले. "चूक तुझी होती. माझी किती होती ते मी मरेपर्यंत सांगणार नाही, आणि विचारूही नकोस. एरवी विचारत नाहीस, नेमकं तेवढं विचारायला शिकशील. माझे लाल चौकोन काढून टाक. तो प्रश्न राहू दे. आणि त्या शीटमध्ये माझंही नाव घाल. वाकणं नको. उचलणं नको. कारण लिहू नकोस."