मांडववाल्याचा जनरेटर

सरकारला अडचणीचा प्रश्न विचारला की छापील उत्तर ठरलेलं असतं: "हे खरे नाही." त्याचं धाकटं भावंड म्हणजे "प्रश्न उद्भवत नाही." ही दोन वाक्यं पाठ केली की कोणीही पाच वर्षं सुखानं मंत्रिपद भोगावं. त्या सकाळी वकीलबाईंच्या हातात जो कागद पडला, त्यावर ही दोन्ही भावंडं शेजारी शेजारी बसली होती.

वकीलबाई संसदेत विरोधी बाकांवर बसायच्या. त्यांनी सरळ विचारलं होतं: खालच्या वस्तीसाठी बांधलेलं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास सरकारने काय केले? पहिल्याला "हे खरे नाही", म्हणून दुसरा प्रश्न उद्भवतच नव्हता.

त्याच वस्तीत त्यांच्या काळ्या कोटाला इस्त्री करणारी बाई राहायची. तिचा मुलगा काविळीनं गेला. शेवटच्या आठवड्यात वकीलबाई त्याला बघायला गेल्या होत्या. पोराचे डोळे पिवळेजर्द झाले होते आणि कोपऱ्यातल्या बादलीत नळाचं गढूळ पाणी होतं. "उकळूनच देत होते हो," इस्त्रीवाली पुन्हा पुन्हा सांगत होती, जणू वकीलबाई तिच्यावरच खटला भरायला आल्या होत्या. आणि सरकार म्हणतं, प्रश्न उद्भवत नाही!

बरं, हे उत्तर देणारे पाणीपुरवठा मंत्री कोण? वकीलबाईंचे व्याही. पोरांनी आपसात जमवलं, मोठ्यांनी हसून होकार दिला आणि विरोधी बाकावरची एकुलती एक लेक सरकारी बंगल्यात सून म्हणून गेली. आता तिथे सहा महिन्यांची नातही होती.

आदल्या संध्याकाळी लेकीचा फोन आला होता.

"आई, उद्या जरा उशिरा जा ना सभागृहात."

वकीलबाईंना पुढचं ऐकायची गरज नव्हती. संसदेचा नियमच तसा आहे. अध्यक्षांनी प्रश्नाचा नंबर पुकारला आणि विचारणारा स्वतःच्या जागेवर नसला की प्रश्न गेला. मंत्र्यांना तोंड उघडावं लागत नाही आणि गैरहजर माणसालाही कुणी जाब विचारत नाही. सोय म्हणतात ती हीच.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सांगायला कशाला हवं? जेवायला बसलं की सगळे माझ्याकडे बघतात, प्रश्न मीच विचारल्यासारखं. तू भाषण ठोकून घरी जाशील. मला इथे राहायचंय, आई." मागे बाळ रडत होतं. "लिफ्ट अडकली म्हण. चहा पीत होते म्हण. काहीही म्हण."

वकीलबाई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. भल्याभल्या साक्षीदारांना त्यांनी कोर्टात घाम फोडला होता. पण लेकीचा रडवेला आवाज ऐकला की त्यांचा कायदा गळून पडायचा. म्हणून सभागृहाची घंटा झाली, सगळे आत गेले, तरी त्या कॅन्टीनमध्येच बसून राहिल्या. समोर चहा होता. भिंतीवरच्या टीव्हीवर कामकाज चालू होतं. त्यांचा प्रश्न तिसरा. पहिला संपला, तरी त्या उठल्या नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला? इस्त्रीवालीला काय सांगायचं, याची वाक्यं त्या मनात जुळवत होत्या, आणि प्रत्येक वाक्याची त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात मंत्र्यांचा पीए आला. त्यानं टेबलावर सँडविचची बशी ठेवली.

"साहेबांनी पाठवलंय. म्हणाले, विहीणबाईंना सावकाश खाऊ दे, आत काही घाई नाही." मग खाली वाकून, खुशीत येऊन म्हणाला, "साहेब फार निर्धास्त आहेत बघा. अधिकाऱ्यांनाही आज येऊ नका म्हणाले. फाइलसुद्धा उघडली नाही!"

वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाइलसुद्धा उघडली नाही! एका पोराचा जीव गेला, वस्ती वर्षभर गढूळ पाणी पितेय आणि या गृहस्थांनी सगळ्याचा हिशेब एका सँडविचमध्ये मिटवला. तेही स्वतः नाही, नोकराहाती. शरम कशी वाटत नाही या माणसांना? आणि आपण तरी काय करतोय? बसलोय इथे, मूग गिळून.

"तुझ्या साहेबांना सांग, विहीणबाईंना भूक नाही."

गुडघेदुखी विसरून त्या जिना चढल्या. अध्यक्षांनी नंबर पुकारला तेव्हा त्या दारात होत्या. दुसऱ्यांदा पुकारला तेव्हा धापा टाकत स्वतःच्या बाकापाशी उभ्या होत्या.

"अध्यक्ष महोदय, मी हजर आहे."

व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी मागे अधिकाऱ्यांच्या जागेकडे नजर टाकली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. पण गडी बोलण्यात पटाईत. छापील उत्तर वाचून त्यांनी हसून हात जोडले.

वकीलबाईंनी आवाज चढवला नाही. साक्षीदार बोलका असला की त्याला बोलू द्यावं, हे त्या जाणून होत्या.

"उद्घाटनाच्या दिवशी केंद्र सुरू होतं का?"

"सुरू होतं म्हणजे काय!" मंत्री खुलले. "मी स्वतः, सगळ्यांसमोर, तिथलं ग्लासभर पाणी प्यायलो. आणि ऐका, आमच्या घरी नळाला त्याच केंद्राचं पाणी येतं. माझी सहा महिन्यांची नात तेच पाणी पिते! आणखी काय पुरावा हवा, विहीणबाई?"

सत्ताधाऱ्यांनी बाकं बडवली. नातीचं नाव निघाल्यावर वकीलबाईंना क्षणभर खाली बसावंसं वाटलं.

"त्या दिवशी यंत्रं विजेवर चालली की कशावर?"

"जनरेटरवर. जोरात चालली!"

"जनरेटर सरकारचा?"

"छे, मांडववाल्याचा. माइकसाठी आणला होता त्यानं, तोच जोडला. सरकारचे पैसे वाचवले की आम्ही!"

"मग संध्याकाळी मांडव उतरवल्यावर जनरेटर कुठे गेला?"

"मांडववाल्याबरोबर जाणार ना! त्याचाच होता तो."

बोलून गेल्यावर मंत्र्यांना कळलं, आपण काय बोललो. आधी विरोधी बाकांवर हशा पिकला. मग तो हळूहळू विरला आणि बाकं बडवणारे हात मांडीवर आले.

"म्हणजे केंद्राला वीजच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "केंद्र एक दुपार चाललं. फोटो निघेपर्यंत. त्यानंतर त्या वस्तीत माझ्या कोटाला इस्त्री करणाऱ्या बाईचा मुलगा काविळीनं मेला. तुमचं हसून झालं असेल, तर सांगा मंत्रिमहोदय, आता तरी प्रश्न उद्भवतो की नाही?"

मंत्र्यांनी पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. "तपासून निवेदन करतो," ते पुटपुटले. अध्यक्षांनी पुढचा नंबर पुकारला.

दुपारभर वकीलबाईंनी लेकीला फोन केले, तिनं एकही उचलला नाही. जिंकल्याचा आनंद सोडाच, त्यांना घास गिळवेना. सरकारला जाब विचारायचा तर त्याची किंमत लेकीनं का मोजायची? हा कुठला न्याय?

दिवेलागणीला बेल वाजली. दारात लेक उभी होती. कडेवर बाळ, खांद्याला दुधाच्या बाटल्यांची पिशवी.

"टाकून दिलं का गं त्यांनी तुला?" वकीलबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मला कोण टाकणार? उद्या जाणार आहे परत. माझंही घर आहे ते." ती आत आली, बाळाला आजीच्या मांडीवर दिलं आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली. "मी टीव्हीवर सगळं बघत होते. तू आत शिरलीस तेव्हा इतका राग आला तुझा! मला वाटलं, हे तुमचं दोघांचं भांडण, मध्ये मी भरडतेय. पण त्यांनी हिचं नाव घेतलं, आई. हिचं!"

"आजोबा आहेत. बोलून गेले असतील."

"वकिली नको करूस त्यांची! आमच्या नळाचं पाणी घरात कुणी तोंडातसुद्धा घेत नाही. रोज सकाळी विकतच्या पाण्याचे कॅन येतात, मागच्या दारानं. हिच्या बाटल्याही त्याच पाण्यानं धुवायच्या, हे त्यांनीच बजावलंय मला. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

वकीलबाईंनी खाली पाहिलं. मांडीवरची नात त्यांचं बोट चोखत होती. तिचे डोळे पांढरेशुभ्र, चकचकीत होते. दुसऱ्या एका पोराचे डोळे त्यांना आठवले.

"हे मी सभागृहात विचारू शकत नाही, बाळा. तुझ्या घरातलं आहे."

"विचार." लेकीनं टेबलावरचा कोरा कागद आईपुढे सरकवला. "मंत्र्यांच्या बंगल्यावर विकतचं पाणी येतं, हे खरे आहे काय, असंच विचार. आणि त्या दिवशी मला वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसायला पास काढून दे."

"तो कशाला?"

"ते 'हे खरे नाही' म्हणतील ना, तेव्हा मला त्यांच्याकडे बघायचंय."