रविवार दुपारचा हात

रविवारी दुपारी विमानतळालगतच्या आमच्या मांगेरेत, सामोआहून आलेल्या आमच्या वस्तीत, जागं कुणी नसतं. सकाळी चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांत घामाघूम होईस्तोवर गायचं, घरी येऊन उमूच्या भट्टीतल्या तापल्या दगडांवर शिजलेल्या जेवणावर आडवा हात मारायचा, आणि मग बैठकीतल्या चटयांवर ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो आडवा. कुत्रंसुद्धा दारात पाय ताणून पडतं. अशा वेळी फोन करणारा माणूस एक तर गोरा असतो, नाहीतर बिनडोक.

त्या झोपेत फुआतिनोला नेहमी एकच स्वप्न पडायचं. सामोआतल्या तिच्या लहानपणच्या गावाचा किनारा. ती वाळूत उताणी पडलेली. कोमट पाणी पोटावर चढायचं, त्याला खोबरेलाचा वास असायचा, आणि पोटावर ठेवलेला एक काळा दगड ते हलकेच ढकलत राहायचं, जरा इकडे, जरा तिकडे. पाणी गुणगुणायचंही, चर्चमधल्या गाण्याच्या चालीवर. जाग आली की पोट ओलसर लागायचं. घाम असेल म्हणून ती कूस बदलायची. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने स्वप्नांची चौकशी कशाला करत बसायचं?

दगड मात्र खरा होता. बेंबीच्या डावीकडे, कातडीखाली, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी डबी. तिच्यापासून एक बारीक नळी आत जाते आणि जठराच्या वरच्या टोकाला बसवलेल्या पट्ट्याला मिळते. डबीत सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो आणि चार घासांत पोट भरतं. काढलं की सैल होतो. नऊ वर्षांपूर्वी तिचे गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती, जिना चढताना तोंडाला फेस यायचा. तेव्हा तिने हे करून घेतलं. घरी सांगितलं की कामाच्या प्रशिक्षणाला चालले आहे. ती विमानतळाच्या स्वयंपाकघरात प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरते, त्याचं कसलं डोंबलाचं प्रशिक्षण! पण आई काही बोलली नाही. खरं ठाऊक होतं ते एकट्या लूपेला, तिच्या भावाच्या बायकोला, कारण गाडी तिनेच चालवली होती.

आईला सांगायची तिची छातीच झाली नाही. तेलेसिया म्हणजे अख्ख्या गल्लीला जेवू घालणारी बाई. तिच्या हातचं नको म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं. लेकीने पोटालाच कुलूप घालून घेतलंय हे कळलं, तर ती काय म्हणेल? ‘माझ्या अन्नाने तुझं वाईट केलं का गं?’ एवढंच म्हणेल, आणि पुन्हा कधी त्या मायेने वाढणार नाही. फुआतिनोला भीती वाटायची ती याचीच.

लपवणं मात्र सोपं गेलं. आमच्यात थोरामोठ्यांनी आधी जेवायचं, धाकट्यांनी उभं राहून वाढायचं, माशा वारायच्या, हात धुवायला पाणी फिरवायचं. आपण मागून स्वयंपाकघरात उरलंसुरलं खायचं. फुआतिनो नऊ वर्षं उभीच राहिली. कधी पातेलं तिच्या हातात, कधी पंखा. स्वयंपाकघरात ती काय खाते, किती खाते, कोण बघायला येतंय? पाद्रीबुवा तर एकदा प्रवचनात म्हणाले, सेवा शिकावी तर फुआतिनोकडून. लूपेला तेव्हा हसू आवरेना, तिने तोंडासमोर गाण्याचं पुस्तक धरलं.

आणि मग यंदाच्या हिवाळ्यात तिला पुन्हा भूक लागायला लागली. ती पट्टा थोडा आवळून घ्यायला गेली, तर सुई आत शिरेचना. नर्सने दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंना बोलावलं. फोटो काढला. डबी उलटी झाली होती, तोंड आत आणि पाठ बाहेर.

“टाके सुटून ती फिरली आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पोटाला मार बसला होता का? पडलात कुठे? कुणी दाबलं?”

“छे हो. मला कोण दाबतंय!”

“मग उघडून सरळ करावी लागेल. काम छोटंसं आहे. भूल देऊ, संध्याकाळी घरी. पण चार आठवडे भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. पट्टा रिकामा ठेवू, जखम नीट भरली की मग पाणी घालू. तोवर भूक लागेल हं, खूप लागेल. घाबरू नका.”

घरी तिने हर्निया सांगितलं. आई अळूची पानं पुसत होती. तिचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

“हर्निया,” ती म्हणाली. “बरं.”

शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूल चढताना, फुआतिनोला तोच किनारा दिसला. पण या वेळी पाण्याला वास नव्हता, आणि कुणी गुणगुणतही नव्हतं. आपण चुकीच्या गावात आलोय असं तिला वाटलं. परत जावं म्हणून ती उठायला गेली, तोच कुणीतरी नाव घेऊन हाक मारली आणि सगळं आटोपलंही होतं. घसा कोरडा, पोटावर पाणी न शिरणारी पट्टी, आणि तिच्याखाली कुणी गुद्दा मारल्यासारखं ठणकणं. नर्सने तासाभरात तिला चालवलं. निघताना बजावलं की जखम लाल झाली, गरम लागली, ताप आला, तर घरी बसून राहायचं नाही, लगेच फोन करायचा.

पुढचे दिवस तिला धड आठवत नाहीत. गोळ्यांनी डोळे जड व्हायचे. खिडकीतून विमानांच्या सावल्या पडद्यावर यायच्या आणि भिंतीवरून निघून जायच्या. पोटावरचा काळानिळा डाग पिवळा होत गेला. खोकताना ती उशी पोटाशी धरायची, टाके ओढू नयेत म्हणून. आणि भूक आली. नऊ वर्षं बाहेरगावी असलेली मैत्रीण दारात यावी तशी आली, आणि तिला बघून फुआतिनोला चक्क रडू आलं. स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधाचा वास यायचा. बुधवारी मात्र यायचा नाही, कारण बुधवारी आईचा चर्चचा उपास. कित्येक वर्षांचा. त्या दिवशी आई पाण्यावर असायची आणि फुआतिनोच्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून नुसती बसून राहायची.

बाराव्या दिवशी पोरांचा रविवार आला. वर्षातून एकदाच हे उफराटं असतं. त्या दिवशी लेकरं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत चर्चमध्ये बायबलातली वचनं म्हणतात, घरी आधी लेकरं जेवतात आणि थोरांनी उभं राहून वाढायचं असतं. फुआतिनोने सवयीने पातेल्याला हात घातला, तर लूपे ओरडलीच, “ठेवा ते खाली, ताई! टाके तोडायचेत का?” मग पंखा घ्यायला गेली, तर तो भावाने घेतला होता. ती बैठकीच्या मधोमध हात मोकळे घेऊन उभी. तिला कुणीतरी उघडं पाडल्यासारखं झालं.

“तिथे रूताशेजारी बस,” आई म्हणाली.

“आई, मी काय पोर आहे?”

“मग माझी कोण आहेस?”

लूपेची आठ वर्षांची रूता खूश. “आत्या, माझ्या पंक्तीत! तुला वचन म्हणावं लागेल हं, नाहीतर आइस्क्रीम नाही.”

आईने पान आणलं. कंद, डुकराचं मटण, नारळाच्या दुधातली अळूची पानं, सगळं शिगोशीग. आणि ते पुढे ठेवून ती तिथेच उभी राहिली, नजर लेकीच्या हातावर. फुआतिनो खाऊ लागली. लहान घास, सावकाश, पण घास उतरत होते, एकामागून एक, नऊ वर्षांत उतरले नव्हते तितके. अळूच्या पानांना धुराचा तोच जुना वास होता. तिने मान वर केली तेव्हा आईचे डोळे भरून आले होते.

“शेवटी शेवटी त्यालाही अशीच भूक लागायची,” आई पुटपुटली आणि आत निघून गेली. कुणाला, ते फुआतिनोला कळलं नाही.

जेवणं झाली. घर आडवं झालं. भाऊ घोरायला लागला, रूता तोंडाला आइस्क्रीम तसंच ठेवून झोपली. फुआतिनोही चटईवर उताणी पडली, पण टाके ओढत होते, झोप वर वरच तरंगत होती. विमानाची एक सावली छतावरून गेली. मग खोबरेलाचा वास आला. मग गुणगुणणं, चर्चमधल्या त्याच चालीवर. पाणी आलं, तिला वाटलं. कोमट पाणी तिच्या सदऱ्याची कड वर करून पोटावर चढलं, पट्टीच्या कडेशी पोचलं आणि थांबलं.

तिने डोळे उघडले. आई शेजारी गुडघ्यांवर बसली होती. तेलाचा हात तिच्या पोटावर होता आणि ओठ हलत होते.

“आई?”

हात उचलला गेला नाही. सगळं घर झोपलेलं, म्हणून आईने कुजबुजत विचारलं, “किती दिवस दिलेत?”

“कुणी?”

“डॉक्टरांनी. खोटं सांगू नकोस. तुझ्या बापाच्या पोटात गाठ झाली तेव्हा तुम्हा पोरांना हर्निया म्हणून सांगणारी मीच होते.”

फुआतिनो कोपरांवर रेलून अर्धवट उठली.

“नऊ वर्षं झाली,” आई म्हणाली. “एका रविवारी तुला पांघरूण घालताना माझ्या हाताला लागली. इथे. कडक. तू झडत चाललेली. उभ्याउभ्याने दोन घास खायचीस, मला दिसत नव्हतं का? तू लपवत होतीस, म्हणून मी विचारलं नाही. माझ्या हातांना जेवढं येतं तेवढं केलं. तोआला जागेवरून सरकला असेल, त्याचाच दगड झाला असेल, म्हटलं. रोज रोज चोळून दिला असता, पण तू फक्त रविवारीच एवढी गाढ झोपतेस.”

तोआला म्हणजे बेंबीखाली राहणारा जीव. तो जागा सोडून भटकला की माणूस खंगतो, आणि चोळून चोळून त्याला घरी आणावं लागतं. तेलेसियाच्या हाताला त्यात गुण आहे, लांबून बायका येतात.

“आणि बुधवार?” फुआतिनोने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं.

“चर्चचा उपास काय नऊ वर्षं असतो, खुळे? तुझा होता. म्हटलं, माझं पान घे आणि तिला खाऊ दे.”

त्या कुजबुजण्यात फुआतिनोने सगळं सांगितलं. डबी, नळी, पट्टा, गुडघे, खोटं प्रशिक्षण. “गाठ नाही गं आई. मीच घालून घेतलंय ते. मला काही झालेलं नाही. तुझ्या जेवणाला नावं ठेवल्यासारखं वाटेल तुला, म्हणून नाही बोलले.”

आईने तेलाचा हात कमरेला गुंडाळलेल्या लावालावाला पुसला. नऊ वर्षं मरणाच्या दारात उभी केलेली लेक तिला परत मिळत होती, आणि त्याच वेळी तिचा भयंकर रागही येत होता. शेवटी तिने फुआतिनोच्या मांडीला असा चिमटा काढला की ती कळवळली.

“मेली होतीस का सांगायला!” आई म्हणाली, आणि आपणच काय बोललो ते ऐकून पदराआडच्या बाईसारखी लावालावाच्या टोकात तोंड खुपसून रडायला लागली. फुआतिनोने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. डबी जिथे नव्हती, त्या बाजूला.

जरा वेळाने आईने नाक पुसलं. “पण हिवाळ्यात माझ्या अंगठ्याखाली ती वळली होती बरं का. चांगली कट्कन वळली. मी देवाचे आभार मानले, म्हटलं आला जीव जागेवर.”

फुआतिनो तिच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसताना टाके असे ओढले की तिने उशी पोटाशी दाबली. “अगं बये! म्हणजे तूच उलटी केलीस ती! त्यासाठी कापलं मला!”

“मी?” आईने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. “एवढी लेचीपेची वस्तू घालतात होय पोटात? त्या डॉक्टरणीला सांग, पुढच्या खेपेला मला बोलव. न कापता सरळ करून देईन.”

“हात नाही लावायचा आता! शपथ घे.”

“नाही लावत.” आईने तळहात पट्टीपासून चार बोटं लांब ठेवला. “इथे चालेल?”

“तिथे चालेल.”

रूताने झोपेतच कूस बदलली. आई शेजारी आडवी झाली, दोघी तशाच पडून राहिल्या आणि कधी झोपल्या त्यांनाही कळलं नाही. स्वप्न पडलं की नाही, फुआतिनोला आठवत नाही.

बुधवारी दुपारी बाराला स्वयंपाकघरातून नारळाच्या दुधाचा वास आला. फुआतिनो गेली, तर टेबलावर एक भरलेलं पान आणि एक बशी. ती सवयीने ओट्याला टेकून उभी राहिली.

“बस,” आई म्हणाली. “उभं राहून वाढायला कोण पाहुणं आलंय?”

फुआतिनो बसली. “मला बारीक चावून खावं लागतं, आई. दोन घासांमध्ये थांबावं लागतं. वेळ जातो.”

“जाऊ दे. मला कुठे जायचंय?”

फुआतिनोने एक घास घेतला. आईने एक घेतला. लेक चावत राहिली तोवर आई हात थांबवून घड्याळाकडे बघत होती. मग पुन्हा दोघींनी एकेक घेतला. डोक्यावरून एक विमान उतरलं, खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

“गार झालं सगळं,” तेलेसिया कुरकुरली, आणि नऊ वर्षांनी बुधवारचा तिसरा घास तोंडात घातला.