खाऱ्या पाण्याची राखण

गेणू धडपडत उठला तेव्हा खिडकीत उजाडलं होतं आणि गंगी अजून पाणी ओतत होती. काचेच्या पेटीत प्लास्टिकचा मग बुडवायचा, हातभर वर न्यायचा, धार पुन्हा पेटीतच सोडायची. उजव्या हाताचं कोपर तिने डाव्या हाताने उचलून धरलं होतं.

"आगं, हाक मारायची न्हाई व्हय?"

"मारली हुती. दोनदा."

काल तिन्हीसांजेला घाटात तारेवर झाड पडलं आणि खंडाळ्याची वीज गेली. कर्णिकसाहेबांच्या पेटीत हवा सोडणारं यंत्र थांबलं. पेटीत समुद्राचं पाणी, मालवणहून आणलेले, बारीक जीव चिकटलेले जिवंत दगड आणि सात मासे. यंत्र बंद पडलं तर पाणी हाताने हलतं ठेव, नाहीतर सगळे गुदमरून मरतील, असं साहेबांनी मुंबईला जाताना दहादा बजावलं होतं. "डोळ्याला डोळा लागू देणार न्हाई, साहेब," गेणू छातीवर हात ठेवून म्हणाला होता. आणि कशाचं काय! दहा वाजता त्याने मग बायकोच्या हातात दिला, घटकाभर पाठ टेकतो म्हणाला आणि घोरायला लागला. आठ वर्षं बंगला राखणारा भरवशाचा माणूस, पण झोप आली की हा गडी कुणाचाच नव्हे.

सातला वीज आली. वीज गेल्याचं कळून आठच्या सुमाराला साहेब स्टेशनवरून जवळजवळ पळतच आले आणि बूट न काढता पेटीशी गेले. त्यांनी बोटाने मासे मोजले. सातही फिरत होते.

"रात्रभर जागलास?"

गंगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. गेणूने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"व्हय, साहेब."

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गेणूला नको नको झाला.

"नशीबवान आहेस. अंधारातले ते दगड बघायला मी रात्र रात्र बसतो. काल दगड कसे दिसले, सांग."

"कसं म्हंजी... हायेत तसंच. दगडच की."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आपण काहीतरी भलतंच बोललो, एवढं गेणूला कळलं. काय, ते कळेना. त्याचे कान तापले.

"ह्यांच्याजवळ कंदील हुता, साहेब," दारातून गंगी म्हणाली. "उजेडात ती मिटत्यात. म्या कंदील जरा लांब न्हेला, तवा मला दिसली. तांदळाएवढी फुलं, दगडभर. धार पडली की समदी एका अंगाला लवायची, वाऱ्यातल्या भातावाणी. पहाटंपत्तूर तशीच हुती."

आपल्याला सावरायला तिने तोंड उघडलं आणि तिच्याच तोंडून पहाटेपर्यंत ती जागल्याचं निघून गेलं, हे गेणूच्या ध्यानात आलं. जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

साहेबांनी टेबलावरची वही ओढली. मालवणच्या दगडांबद्दल ते त्यात रोज काहीबाही लिहीत. आता त्यांनी तारीख घातली, तांदळाएवढी फुलं लिहिली.

"पाहणाऱ्याचं नाव लिहितो. तुमचं पूर्ण नाव सांगा, बाई."

"त्यांचंच लिवा, साहेब. राखण त्यांच्याकडं हुती."

साहेबांचं पेन थांबलं. यंत्र घुरघुरत होतं. आता गप्प बसलं तर निभावलं असतं, आणि निभावलं असतं हेच गेणूला सोसेना.

"माझं नगा लिवू," तो म्हणाला. "म्या झोपलो हुतो. राती तीच हुती."

साहेबांनी मान वर केली नाही.

"ते कळलं मला. आधी त्यांच्या हातातला ट्रे घे."

गेणू पुढे झाला. ट्रेवरचे कप किणकिणत होते. त्याने ट्रे धरला, जरासा ओढला, तो येईना. त्याने गंगीच्या तोंडाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. रात्रभर मग धरून तिची बोटं आखडली होती. खाऱ्या पाण्याने ती पांढरी पडून चिरली होती. ट्रे एका हाताने तोलत गेणूने ती एकेक करून सोडवली.