पावती न घेता दिलेलं पाकीट

मी पाकीट आहे मित्रांनो, आणि तेही जुनं. तपकिरी जाड कागदाचं, तोंडाला दोरा गुंडाळायची सोय असलेलं. ट्युनिसच्या एका छापखान्यात शंभर भावंडांच्या गठ्ठ्यात माझा जन्म झाला. ती बाकीची कुठल्या ना कुठल्या कचेरीत धूळ खात पडली असतील. आपलं नशीब थोर, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

गाफसाच्या कोर्टात एका कारकुनाने माझ्या पोटात एकच कागद घातला आणि मला वसीलाच्या हातात दिलं. तिच्या दुसऱ्या हातावर तीन महिन्यांची मुलगी झोपली होती. वसीला आणि तिचा नवरा बशीर यांनी अनाथालयातली ही मुलगी दत्तक घेतली आहे, आजपासून ती त्यांचीच, असं त्या कागदावर लिहिलं होतं. मुलीचं नाव त्यांनी शैमा ठेवलं.

"पोर तू सांभाळ, कागद मी सांभाळतो," बशीर बाहेर आल्यावर म्हणाला.

"आधी चष्मा सांभाळ. तिथेच टेबलावर विसरलायस," वसीला म्हणाली. दोघंही रडत होती आणि हसतही होती.

बशीर तेव्हा गाफसाच्या खाणीत नोकरीला होता. पुढे ती दोघं बाळाला घेऊनच महदियाला आपल्या गावी परतली. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही आणि यांनी काही सांगितलं नाही. मला वसीलाच्या लग्नातल्या पांढऱ्या सफसारीच्या, म्हणजे अंगभर पांघरायच्या वस्त्राच्या, घडीखाली ठेवलं. दर ईदला वसीला मला बाहेर काढी, पदराने पुसावं तसं त्या सफसारीच्या टोकाने पुसे आणि पुन्हा ठेवून देई. सतरा वर्षं मी तिचं गुपित पोटात ठेवलं. बशीर वारला त्या वर्षीही तिने मला पुसलं होतं.

शैमा हुशार निघाली. तिला पुढे सफाक्सला शिकायला जायचं होतं आणि त्यासाठी बँकेत खातं हवं होतं. ती वयाने अज्ञान, वडील नाहीत, म्हणून बँकेने पालकत्वाचा कागद मागितला. वसीलाकडे तसा कागद एकच होता, माझ्या पोटातला. आमच्या गावात मूळ कागद कुणी हातातून सोडत नाही. नगरपालिकेत जायचं, शिक्का मारलेली नक्कल घ्यायची आणि ती पुढे करायची, हे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या खिडकीवर बसत होता वसीलाच्या नणंदेचा नवरा, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. म्हणून, गुपित राहावं म्हणूनच, वसीला नक्कल न करता मला घेऊन सरळ बँकेत गेली.

रमजान चालू होता. बँक लवकर बंद होणार होती. काउंटरवर शेजारच्या घरातला, वसीलाला मानाने 'लल्ला' म्हणणारा लुत्फी बसला होता, उपासाने डोळे जड झालेले.

"लुत्फी, हे फक्त तू बघ हो बाळा. आणि पावती दे."

"लल्ला वसीला, उपाशी माणसाची थट्टा करता का? तुमच्या घरचं कुसकुस खाऊन वाढलो मी, आणि माझ्याकडे पावती मागता?"

वसीला ओशाळली. "राहू दे, राहू दे," म्हणून निघून गेली. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडलो असतो. लुत्फीने जांभई देत मला दुसऱ्याच एका कागदपत्रांच्या गठ्ठ्याखाली चिमट्यात अडकवलं. तो गठ्ठा एका नाववाल्याला परत जायचा होता. तासाभरात मी त्याच्या घरी पोहोचलो. त्याची बायको हजला जाऊन आलेली, म्हणून गाव तिला हाजा दूजा म्हणे. तिने दुपारीच माझा दोरा सोडला. मला तो घट्ट धरून ठेवता आला नाही.

पुढचं मला वसीलाच्याच तोंडून कळलं, कारण हल्ली ती माझ्याशी बोलते. ती तीनदा बँकेत गेली. लुत्फी पहिल्यांदा "उद्या, इन्शाल्ला" म्हणाला, दुसऱ्यांदा "शोधतोय" म्हणाला आणि तिसऱ्यांदा मॅनेजरसमोर मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही दिलंच नव्हतं बहुतेक." तेव्हा ती वकीलबाई रौज़ा यांच्याकडे गेली; गाव त्यांना मानाने 'उस्ताज़ा' म्हणे.

"बँकेला लेखी तक्रार द्या," रौज़ाबाई म्हणाल्या. "कुठल्या दिवशी, कुणाच्या हातात, काय दिलं, सगळं लिहा. दोन प्रती करा आणि एकीवर पोचल्याचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. ओळखीचा असला तर दोन शिक्के घ्या! पोलिसात नोंद करा. बँकांच्या वरच्या बँकेलाही पत्र टाका. कोर्टातून निकालाची दुसरी प्रत मी मागवते."

"म्हणजे सगळं परत मिळेल?"

"कागद मिळेल, लल्ला. बाहेर गेलेली गोष्ट मिळत नाही. म्हणून आज घरी जा आणि मुलीला तुमच्या तोंडाने सांगा."

"तिची परीक्षा चालू आहे."

"मग परीक्षा संपल्यावर."

"मग ईद येते, उस्ताज़ा. सणासुदीला कसं सांगू?"

वसीलाने बाकीचं सगळं केलं. शिक्का घेतला, पोलीस चौकीत दोन तास बसली, पत्र टपालात टाकलं. तेवढं एक मात्र राहिलं.

ईदच्या सकाळी आमच्याकडे बायका एकमेकींच्या दारी गोडाच्या ताटल्या पोचवतात आणि आलेली ताटली भरूनच परत करतात. हाजा दूजा बदामी काकची, म्हणजे गोल बिस्किटांची, ताटली घेऊन आली आणि ताटलीखाली मला धरून आली. दार शैमाने उघडलं.

"ईद मुबारक गं पोरी! हे तुझ्या आईचं. बँकेने चुकून आमच्याकडे धाडलं. मी वाचलं नाही हं काही," दूजा म्हणाली आणि शैमाच्या गालावरून हात फिरवून पुढे म्हणाली, "तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

शैमाने उंबऱ्यावरच कागद काढला. उभ्यानेच वाचला. वसीला काकची दुसरी ताटली भरून बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

"कोर्टाला माहीत, बँकेला माहीत, हाजा दूजाला माहीत," शैमा हळूच म्हणाली. "उम्मी, मीच तेवढी परकी?"

वसीलाने हातातली भरलेली ताटली उंबऱ्यावरच खाली ठेवली. दूजाची ताटली त्या वर्षी रिकामीच परत गेली.

शैमा आता सफाक्सला असते. शुक्रवारी फोन करते, उम्मीच म्हणते, जेवलीस का विचारते. पूर्वी घरी तिच्या गप्पा संपतच नसत. आता फोन वेळेवर ठेवते. वसीला मग मला मांडीवर घेऊन म्हणते, "मीच सांगायला हवं होतं रे."

मित्रांनो, कागद सोपवताना घरच्या माणसाकडूनही पावती घ्या. नक्कल जवळ ठेवा. हरवलं तर लाजू नका, लगेच लेखी तक्रार करा. एवढं सगळं वसीलाने उशिरा का होईना केलं, आणि त्याचं फळही मिळालं. गेल्या महिन्यात बँकेचं उत्तर आलं, ते तिने माझ्याच पोटात ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे: 'आपलं पाकीट सुस्थितीत परत मिळालं असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'