चाकाची आतली बाजू

माझ्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, "मालक कुठंयत?" मी म्हणते, "बोला, मालकच बोलतीय." तरी त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागं आमच्या रंभाजीकडं जाते. रंभाजी माझा फिटर, जुना माणूस. तो मान खाली घालून नट आवळत राहतो. राहुरीला नगर-मनमाड रस्त्यावर हे टायरचं दुकान नवरा वारल्यापासून मी एकटी चालवते. तोंड फटकळ आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. एकदाच ते बंद ठेवलं, त्याची ही गोष्ट.

आमच्या ओळखीतल्या अजिनाथनं ती लाल गाडी घेतली तेव्हा पेढे द्यायला पहिला माझ्याकडं आला. गाडी बुटकी, पळायला वाऱ्यासारखी. आठ दिवसांत परत आला आणि म्हणाला, "काकू, चाकं मोठी बसवायचीत. अठराचे अलॉय, पाचच्या पाच. स्टेपनी सुदिक अलॉयच पायजे."

"आणि टायर?"

"पातळ. एकदम पातळ."

मी त्याला समजावलं. टायरची बाजू जाड असली की खड्ड्याचा मार ती खाते. पातळ असली की मार रिमला बसतो आणि मधल्यामधे टायरच्या आतले धागे तुटतात. उसाच्या दिवसांत आपले रस्ते कसे होतात ते काय मी सांगायचं? पण हौसेला मोल नसतं. त्यानं मोबाईलवरचे फोटो दाखवले आणि मी पुण्याहून माल मागवला. गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ नये, हा माझा स्वार्थ होताच.

हौस त्याची आणि निगा त्याच्या बायकोची, पंकजाची. दर पंधरा दिवसांनी ती सकाळी गाडी गार असताना यायची आणि हवा बघून जायची. खोबणीत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं उकरायची. गाडी ती सासूला दवाखान्यात न्यायला लागते म्हणून शिकली. अजिनाथला ते फारसं रुचलं नव्हतं, पण झुंबरबाई, म्हणजे त्याची आई, म्हणायची, "माझी सून लई सावकास चालवती. त्याच्या शेजारी बसलं की माझा जीव वर येतो." एकदा पंकजानं मला चाक बदलायला शिकवा म्हटलं. मी शिकवलं. जॅक कुठं लावायचा, नट एकाला एक लागून नाही, तर समोरासमोरचे आवळायचे. तीन वेळा तिनं चाक काढलं आणि बसवलं. रंभाजी म्हणाला, "बाईचा हात बसला."

संक्रांतीनंतर अजिनाथनं एका खड्ड्यात गाडी आपटली. पुढच्या डाव्या टायरला फुगा आला, लिंबाएवढा, तोही आतल्या बाजूला. बाहेरून चाक नवं कोरं दिसत होतं. रंभाजी म्हणाला, "बाई, कापून टाका." फुग्याचं टायर कापूनच टाकायचं, ही माझ्या नवऱ्यापासूनची रीत. ते दुरुस्त होत नाही. आज चालेल, उद्या फुटेल, आणि कुठं फुटेल ते कुणी सांगू शकत नाही.

अजिनाथ म्हणाला, "त्या मापाचं दुसरं यायला महिना लागल. तवर डिकीत मोकळी जागा कशी ठिवायची? राहू द्या काकू. मी कशाला लावतोय ते?"

आम्ही स्टेपनी पुढं बसवली आणि फुग्याचं चाक डिकीत टाकलं. निदान वर लिहिते म्हणून मी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा आणला. तो मधे आला. "बाहिरून नगं. टायर पुसलं तरी ते जाणार न्हाई. गाडीची शोभा जाती. आतून लिवा."

मी आतून लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं, एवढंच. "फुगा आहे. लावू नये." चाक डिकीत ठेवलं ते शोभेची बाजू वर करून. पंकजाला सांग, असं मी त्याला बजावलं. तो "व्हय व्हय" म्हणाला.

पुढं दहा-बारा दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमाराला, पंकजाचा फोन आला. दुकानात ट्रकचं काम चालू होतं, कॉम्प्रेसरचा आवाज होता. ती हरखून गेली होती.

"काकू, आत्याबाईंना घिऊन राजूरला गेल्ते, मावशीकडं. तिथं पुढचं चाक पंक्चर झालं. मी एकटीनं बदललं, डिकीतलं काढून तसंच चढवलं! नट तुमी सांगितले तसेच आवळले. पंपावर हवा बी बघितली. आता संगमनेर सोडलंय, कडंला थांबून बोलतीय."

मी म्हणाले, "शाब्बास गं माझी वाघीण." आणि फोन ठेवला.

दहा मिनिटं गेली असतील. पेंटचा डबा फळीवर दिसला आणि तिनं डिकीतलं कुठलं चाक लावलं ते ध्यानात आलं. मी फोन लावला. लागला, पण तिनं उचलला नाही. गाडी चालवताना ती फोन उचलतच नाही. अकरा वेळा लावला. मग अजिनाथला लावला आणि सांगितलं, "तेच चाक लागलंय. तिला थांबव." तो म्हणाला, "बघतो." त्यानंही लावला असेल. कोल्हारच्या अलीकडं टायर फुटलं. गाडी ओढली गेली ती रस्त्याकडेच्या उसाच्या ट्रॉलीवर. शेजारी बसलेली झुंबरबाई जागीच गेली. पंकजाचा पाय दोन ठिकाणी मोडला.

लोकांना काय, बाई गाडी चालवत होती, एवढं पुरे होतं. "पळवली आसंल." "बायांच्या हातात आसली गाडी द्यायचीच कशाला?" अजिनाथ काही बोलला नाही. त्याच्या भावकीनं ठरवलं की दहावा झाला की पंकजाचे भाऊ तिला माहेरी नेतील, आणि पुढचं पुढं. पुढचं काय ते सगळ्यांना कळत होतं. तिला स्वतःलाही वाटत होतं की आपलंच काही चुकलं. कोणी भेटायला गेलं की ती एवढंच विचारायची, "नट सैल राहिला आसंल का वो?"

मी भेटायला गेले नाही. माझं तोंड कुठं होतं?

आठव्या दिवशी अजिनाथ टेम्पोतून ते चाक घेऊन दुकानात आला. टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. "फुगा आहे" तेवढं फाटून गेलं होतं, "लावू नये" शाबूत होतं. तो खाली बघत म्हणाला, "मोडीत घाला, काकू. तुमचं बी दुकान हाय, माझं बी घर हाय."

दोन रात्री मी ते चाक डोळ्यांसमोर ठेवून काढल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पोलीस, वकील, दुकानाचं नाव, सगळं डोक्यात येऊन गेलं. आणि त्या सगळ्यावर तिचा तो प्रश्न, नट सैल राहिला आसंल का.

दहाव्याला नदीच्या घाटावर ही गर्दी. कावळा लगेच शिवला. म्हातारी कुणावर रुसून बसणारी नव्हतीच. पुढाऱ्यांनी माईकवरून श्रद्धांजल्या वाहिल्या. पंकजा पाय प्लास्टरमधे घालून एका कडेला खुर्चीवर होती आणि तिच्या आसपासच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. रंभाजीनं आणि मी टेम्पोतून चाक उतरवलं. मी ते लोकांमधून ढकलत तिच्यासमोर नेलं आणि आतली बाजू वर करून आडवं पाडलं.

"हे मी लिहिलंय," मी मोठ्यानं म्हणाले. "टायर आधीच खराब होतं. मला माहीत होतं, आणि ह्या अजिनाथलाही माहीत होतं. हिला कुणी सांगितलं नाही. हिचा नट सैल नव्हता."

अजिनाथ डोकं भादरलेल्या अवस्थेत तिथंच बसून होता. त्यानं नाही म्हटलं नाही.

पंकजा वाकली. पिवळ्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं. मला वाटलं, रडेल, निदान शिव्या देईल. तिनं मान वर करून साधंच विचारलं.

"हे बाहिरून का न्हाई लिवलं, काकू?"

माझ्या फटकळ तोंडाला उत्तर द्यावंच लागलं.

"गाडी वाईट दिसली असती."